टाचेतला थेंब आणि भिंतीवरची पट्टी

गोव्यातल्या पाळी, सुर्ला, वेळगे या गावांत घरी आलेलं नवं बाळ फारसं रडत नसेल, दूध पिता पिता झोपी जात असेल, तर घरातल्या आजीला त्याचं कौतुकच वाटतं. गुणी बाळ, आईला त्रास देत नाही, असं चार जण म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित एखाद्या बाळाच्या या शांतपणामागे थायरॉइड ग्रंथीचा जन्मजात दोष असतो. ग्रंथी जागेवर नसते, अपुरी वाढलेली असते किंवा तिच्यात संप्रेरक तयारच होत नाही. पोटात असताना आईचं संप्रेरक थोडंफार मिळत असल्यामुळे असं बाळ जन्मतः इतर बाळांसारखंच दिसतं. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरं रडणं, बाहेर आलेली बेंबी ही लक्षणं हळूहळू, एकेक करून उमटतात. ती सगळी ओळखू येईपर्यंत मेंदूच्या वाढीचे सर्वांत मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. मुलांच्या संप्रेरकांवर, वाढीवर आणि चयापचयावर झालेल्या संशोधनाचं सार एका वाक्यात सांगायचं, तर ते असं: हे विकार डोळ्यांना दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून ते दिसण्याआधी मोजावे लागतात. आणि हे मोजमाप पोलिओच्या डोसाइतकं नेमाचं व्हायला हवं.

मोजण्याची रीत अगदी साधी आहे. बाळाची टाच कोमट कापडाने शेकतात, टाचेच्या कडेला बारीक सुई टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब जाड टीपकागदावर छापलेल्या वर्तुळांत भरतात. कागद वाळला की पाकिटात घालून प्रयोगशाळेकडे जातो. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्युरिया या चयापचयाच्या विकारासाठी ही पद्धत आणली. पुढच्या दशकात कॅनडातल्या क्युबेक प्रांतात झॉं दुसो यांनी त्याच वाळलेल्या थेंबात थायरॉइडचं संप्रेरक मोजून दाखवलं. उपचार त्याहून सोपा आहे. थायरॉक्सिनची छोटी गोळी कुस्करून आईच्या दुधाच्या थेंबांत कालवून रोज द्यायची, आणि बाळ वाढेल तसा डोस बदलायचा. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल इतर मुलांसारखंच शिकतं, खेळतं. ती काही महिन्यांनी सुरू झाली, तर उंची बरीच भरून निघते, बुद्धीचं नुकसान मात्र पूर्ण भरून येत नाही. औषध तेच, किंमतही तीच. फरक पडतो तो फक्त तारखेचा.

असे विकार दुर्मीळ असताना एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप पहिला येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. त्यात थायरॉइडचा जन्मजात दोष दर 1130 बाळांमागे एकाला आढळला. अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार, ज्यात शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होऊन बाळ पहिल्या काही आठवड्यांत दगावू शकतं, तो सुमारे 5760 बाळांमागे एकाला होता. गोव्यात वर्षाला अठरा हजार बाळं जन्मतात असं धरलं, तर पहिल्या प्रमाणाने दरवर्षी सुमारे सोळा बाळांना ही गोळी लागेल. दहा वर्षांत ती दीडशेवर जातील. डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या शाळेचे सगळे वर्ग भरतील एवढी ही मुलं. त्यांच्या आयुष्यभराच्या परावलंबनापुढे टीपकागदाचा खर्च काहीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चाचणीत बाळ संशयित निघालं आणि फेरतपासणीत निरोगी ठरलं, तर मधल्या दिवसांत आईबापांच्या जिवाला जो घोर लागतो, त्याला जबाबदार कोण? हा घोर खरा आहे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक प्रत्येकच बाळात उसळलेलं असतं, आणि आज बाळंतिणीला घरी सोडण्याची घाईही असते. पण यावर उपाय आहेत. शक्यतो 48 ते 72 तासांच्या दरम्यान रक्त घ्यायचं, लवकर घरी जाणाऱ्या बाळाला परत बोलवायचं आणि संशयित निकालाचा अर्थ आईला तिच्या भाषेत समजावायचा. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे आधीच कळलेली आई फेरतपासणीला बाळाला घेऊन येते. न कळलेली घाबरते किंवा येतच नाही. म्हणजे दोष चाचणीत नसून समजावण्यात राहतो, आणि तो परिचारिकांच्या प्रशिक्षणाने दूर करता येतो.

गोव्याला यातलं काही नवं नाही. 2008 साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी विस्तृत तपासणी सुरू करणारं गोवा हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. तो उपक्रम पुढे खंडित झाला. उपक्रमाला मुदत असते, कंत्राट असतं, त्यामागे कुणाचा तरी उत्साह असतो. बाळं मात्र दररोज जन्मतात. त्यामुळे असं काम उपक्रम म्हणून करून भागत नाही. ते बीसीजीच्या लसीसारखं इस्पितळाच्या नित्यक्रमात बसलं, तरच कोणत्याही वर्षी जन्मलेल्या बाळाला पुरतं.

थेंबानंतर येते भिंतीवरची पट्टी. मुलाची उंची ही त्याच्या संप्रेरकांची, आहाराची आणि जुन्या दुखण्यांची एकत्रित नोंद असते. मात्र ती नीट घ्यावी लागते: अनवाणी पाय, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं, नजर समोर, वरून सपाट फळी. एका मोजणीतून फारसं कळत नाही. दोन मोजण्यांमधल्या अंतरातून कळतं. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर कारण शोधायला हवं. आमच्या घराण्यातच सगळे बुटके, हे उत्तर पुष्कळदा बरोबर असतं, आणि प्रत्येक ठेंगण्या मुलाला आजारी ठरवू नये हेही तितकंच बरोबर. पण घराण्याने ठेंगणं असलेलं मूल आपल्या रेषेवर राहून वाढतं. वाढीचं संप्रेरक कमी पडणारं मूल ती रेषा सोडून खाली घसरतं. हा फरक ओळखायचा तर रेषा आधी काढलेली असावी लागते. भारतीय मुलांसाठी तशा रेषा उपलब्ध आहेत. पुण्यातल्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या प्रदीर्घ कामाच्या आधारे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांचे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो हे जाणून त्यांत जादा वजनाची मर्यादाही खाली आणली आहे.

ही मर्यादा खाली का आणावी लागली, याचं उत्तरही पुण्याजवळच्या गावांत मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं 3.5 किलोचं. पुण्याच्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. किडकिडीत दिसणाऱ्या देहात चरबी बाळगणारं हे बाळ पुढे इन्शुलिनला नीट दाद देईनासं होण्याचा धोका जास्त. गोव्यासाठी हे फार जवळचं आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातल्या 26.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. देशातला हा सर्वांत मोठा आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातली पाच वर्षांखालची 25.8 टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. एकीकडे चारांतला एक प्रौढ, दुसरीकडे चारांतलं एक मूल. या दोन आकड्यांनी एकमेकांचं कारण सिद्ध होत नाही. पण आजचं खुंटलेलं मूल उद्या गोड आणि तेलकट खाण्याच्या सुबत्तेत वाढणार असेल, तर नुसत्या वजनावर समाधान मानणं परवडणारं नाही. वजन, उंची आणि पोटाचा घेर एकत्र पाहावे लागतील, आणि गर्भवतीच्या आहारापासून सुरुवात करावी लागेल.

राहिला प्रश्न ऐपतीचा. देशातली थोडीच राज्यं गोव्याइतकी सोयीच्या जागी आहेत. इथली जवळपास सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, आणि पेडण्याच्या टोकावरूनही बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय काही तासांच्या आतच गाठता येतं. रक्त घेणारे हात आहेत, अंगणवाड्या आहेत, शाळांना भिंती आहेत. संशोधकांनी आपलं काम केलं आहे. कोणता थेंब, कोणत्या दिवशी, कोणती रेषा, कोणती गोळी, हे सगळं ठरून गेलेलं आहे. उरलंय ते आई आणि बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतल्या एका ओळीचं काम: टाचेचं रक्त घेतल्याची तारीख आणि निकाल. पाळीतल्या त्या शांत बाळाच्या पुस्तिकेत ही ओळ पहिल्या आठवड्यातच भरलेली असली, तर आजीने त्याचं कौतुक खुशाल करावं.