शिंपल्याच्या भिंतीतला भाडेकरू

कालवाचा शिंपला भिंगाखाली धरला, तर त्याच्या कडेजवळ कधी कधी बारीक भोकांची जोडी दिसते. ही एकाच घराची दोन दारे असतात. घर असते पॉलिडोरा या समुद्री कृमीचे. गांडुळाचा हा नातेवाईक जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीचा असतो.

एवढा मऊ प्राणी दगडासारखा शिंपला पोखरतो कसा? त्याच्या पाचव्या खंडावर राठ काटे असतात, त्यामुळे तो शिंपला कोरत असेल असे आपल्याला वाटेल. पण हे काटे काढून टाकल्यावरही तो पोखरू शकतो, असे प्रयोगात दिसले आहे. म्हणजे मुख्य काम रसायनाचे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. वर्गात शिंपल्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला, की येणारे बुडबुडे हेच सांगतात.

अशा रीतीने कृमी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे बीळ तयार करतो. त्यातून दोन लांब स्पर्शके बाहेर काढून तो पाण्यातले अन्नकण गोळा करतो. म्हणजे कालवाचे मांस तो खात नाही. मग कालवाचे नुकसान कसे होते?

बीळ आतल्या बाजूपर्यंत पोचले, की कालव त्यावर शिंपल्याचा नवा थर चढवते. बिळातला गाळ या थराखाली अडकतो आणि चिखलाचा फोड तयार होतो. वाढीसाठी लागणारी शक्ती अशी डागडुजीत खर्च होते, शिंपला ठिसूळ बनतो. खाण्यासाठी कालव उघडताना फोड फुटला, तर चिखल मांसावर पसरतो. माणसाला त्यापासून रोग होत नाही, पण असा माल विकत कोण घेणार?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कृमींमुळे समुद्रतळावरची कालवे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. थॉमस व्हाइटलेग यांनी 1890 मध्ये या रोगावर अहवाल लिहिला. पुढे तेथील शेतकरी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, तळापासून उंचावर कालवे वाढवू लागले. ओहोटीत कालव शिंपले घट्ट मिटून आतले पाणी राखते. कृमीच्या घराला मात्र दारे असली तरी ती लावता येत नाहीत! उघडा पडलेला कृमी सुकतो. औषधाशिवाय, दोन प्राण्यांमधील एवढ्या एका फरकावर हा उपाय उभा आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 2017 मध्ये गोळा केलेल्या कालवांत पॉलिडोराची एक उपद्रवी जाती आढळली. कालवे एका ठिकाणाहून दुसरीकडे नेली, की भिंतीतला भाडेकरूही सोबत जाऊ शकतो.

कोकणात सहल गेली, तर विद्यार्थ्यांना भोके पडलेले रिकामे शिंपले गोळा करायला सांगावे. एकच गोल, रेखीव भोक बहुधा शिकारी गोगलगायीचे असते. चाळणीसारखी विखुरलेली भोके पोखरणाऱ्या स्पंजची असतात. जोडीने असलेली भोके कोणाची, हे आता आपल्याला ठाऊक आहे.