उसने इलेक्ट्रॉन

20 नोव्हेंबर 2003 रोजी उत्तर ध्रुवावरचे आयनांबर, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांचा हवेचा उंच थर, खरे तर विरळ असायला हवे होते. सप्टेंबरअखेर मावळलेला सूर्य तिथे मार्चपर्यंत उगवणार नव्हता, आणि हवेतून इलेक्ट्रॉन सुटे करण्याचे काम मुख्यतः सूर्याचे अतिनील किरणच करतात. तरीही त्या दिवशीच्या भूचुंबकीय वादळात अमेरिकेतील मिलस्टोन हिल, ग्रीनलँडमधील सोन्द्रेस्त्रोम आणि उत्तर स्कँडिनेव्हियातील आयस्कॅट या रडारांना ध्रुवप्रदेशावरून आरपार जाणारा इलेक्ट्रॉनांचा दाट पट्टा दिसला.

हे इलेक्ट्रॉन तिथले नव्हतेच. ते उत्तर अमेरिकेवरच्या दिवसाच्या उन्हात सुटे झाले होते. सूर्याकडून आलेल्या मेघाचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असले, की ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ध्रुवांवर प्रबळ विद्युतक्षेत्र उभे राहते. त्याच्या रेट्याने दिवसाच्या बाजूचे आयनांबर ध्रुव ओलांडून रात्रीच्या बाजूकडे वाहू लागते. वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या घरात. वाटेत हा पट्टा तुटतो आणि त्याचे शेकडो किलोमीटर रुंदीचे ढग होतात.

दुसरीकडे तेच वादळ इलेक्ट्रॉन खाऊनही टाकते. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातले विद्युतप्रवाह हवा तापवतात, खालचे नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू वर चढतात, आणि त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन व आयन पुन्हा झपाट्याने एकत्र येतात. म्हणून ‘वादळात आयनांबर वाढते की घटते?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. घात करतो तो चढउतार. दाटी सारखी असेल तर जीपीएसच्या संदेशाला होणारा उशीर मोजून वजा करता येतो. ढगांच्या कडांवर मात्र संदेश लुकलुकतो आणि ग्राहकयंत्राच्या हातून सुटतो. ऑक्टोबर 2003 मधली वादळे तर दक्षिणेकडे इतकी पसरली, की अमेरिकेत विमानांना उंचीचे अचूक मार्गदर्शन करणारी वास ही उपग्रहप्रणाली 29 ऑक्टोबरला सुमारे 15 तास आणि 30 ऑक्टोबरला 11 तास त्या कामापुरती निरुपयोगी ठरली.

ध्रुवावरून उडणाऱ्या वैमानिकाची अडचण वेगळी. 82 अंश अक्षांशापलीकडे भूस्थिर उपग्रह क्षितिजाआड जातात, मग भिस्त मुख्यतः शॉर्टवेव्ह रेडिओवर. सौरस्फोटातून आलेले प्रोटॉन ध्रुवांवर 50 ते 90 किलोमीटर उंचीपर्यंत घुसले, की हे तरंग तिथेच शोषले जातात, कधी कधी सलग काही दिवस. ध्रुवप्रकाशाचे हिरवे पडदे पाहायला गर्दी होते. या शोषणाचे मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही.

ते मोजण्यासाठी अवकाशातून अखंड येणारा रेडिओ-गोंगाट किती मंदावला हे पाहतात. त्यासाठीचे रिओमीटर पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने अंटार्क्टिकावरील मैत्री तळावर बसवले. शांत दिवसांत मैत्री ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्याच्या बाहेरच्या काठाशी असते. वादळात पट्टा विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो आणि तळ त्याच्या पोटात येतो. त्याच वेळी, चुंबकीय ध्रुवाला अधिक जवळचा, भारताचाच भारती तळ बहुधा पट्ट्याच्या आतल्या पोकळीत असतो. एकाच वादळाच्या दोन तळांवरच्या नोंदी म्हणूनच सहसा जुळत नाहीत.