आईचा स्वर, मुलाचा ताल

गेल्या चतुर्थीस पेडण्याच्या एका शिष्याने आग्रहाने घरी नेले. डिचोलीची मंडळी घुमट-शामेळ घेऊन आली होती. आरत्या मोठ्या रंगल्या. रात्री शिष्य चाचरत म्हणाला, "गुरुजी, तबला सोडून ड्रम शिकेन म्हणतो."

माझे वडील कोल्हापूर दरबारचे तबलजी. ड्रम म्हणजे त्यांच्या मते नुसता गोंगाट. मीही तेच बोलणार, इतक्यात त्याने १९८८ ची एक ध्वनिमुद्रिका लावली: जॅझचे ड्रमवादक त्रिलोक गुर्टू यांची स्वतःच्या नेतृत्वाखालची पहिली, 'उस्फ्रेट'.

डॉन चेरी, राल्फ टाउनर अशा नामांकित पाश्चात्त्य वादकांमध्ये अवचित ओळखीचा आवाज आला. शोभा गुर्टू! त्रिलोक यांच्या मातोश्री. शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खुद्द शोभाताईंना तालीम मिळाली ती आमच्या कोल्हापुरात, भुर्जीखाँसाहेबांकडे. मी सावरून बसलो.

त्रिलोक स्टूल न घेता जमिनीलगत बसून ड्रम वाजवतात, असे शिष्याने सांगितले. बैठक तबलजीची, वाद्य परदेशी! म्होरकेपण त्यांचे, पण आईचा स्वर येताच ड्रम त्याला वाट करून देतो. साथ म्हणतात ती याहून वेगळी काय असते? "आधी ऐकावे, मग वाजवावे," हेच वडिलांचे सांगणे होते.

शिष्यास म्हटले, "खुशाल शीक. मात्र गाणे ऐकणे सोडू नकोस."

वडील आज असते तर ड्रम ऐकून त्यांच्या कपाळावर आठी उमटली असती. पण शोभाताईंच्या स्वराला मान डोलल्यावाचून राहिली नसती.