घरात फौजीचं कार्ड असेल तर जरा थांबा



गेल्या महिन्यात आपल्याकडे सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्डाचं शिबिर झालं. एक आजी सुनेसोबत आल्या. आधार घेऊन मी मोबाइलवर माहिती भरायला लागले, तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं खाली पडली. "आजी, औषध कुठलं?" तर म्हणाल्या, "साताऱ्याच्या मिलिटरी दवाखान्यातलं. मालक फौजेत होते ना." माझा हात तिथंच थांबला.

आजींकडे ईसीएचएस कार्ड आहे. माजी सैनिकांसाठी ही योजना २००३ पासून चालू आहे. पेन्शनवाला फौजी, त्याची बायको, आणि तो गेल्यावर फॅमिली पेन्शन घेणारी विधवा, सगळ्यांना ती लागू आहे. बीपी-शुगरची रोजची औषधं पॉलिक्लिनिकमधून फुकट मिळतात. मोठं आजारपण निघालं तर तिथून चिठ्ठी घेऊन पॅनलवरच्या दवाखान्यात जायचं. खर्चाला ठरावीक मर्यादा नाही.

वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघतं. वय सत्तर पूर्ण असलं की झालं, उत्पन्न बघत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून. पण हे कार्ड ॲडमिट झाल्यावरच चालतं. दर महिन्याच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत.

"मग दोन्ही ठेवू की," सूनबाई म्हणाल्या. तसं होत नाही. ईसीएचएसवाल्यांनी दोन्हींपैकी एकच निवडायचं, आणि ही निवड एकदाच करता येते. खाजगी विमा असलेल्यांना मात्र ही अट नाही, त्यांनी खुशाल काढावं. नोंदणी करताना फौजीचं कार्ड लपवूही नका.

आजींना दर महिन्याला गोळ्या लागतात, म्हणून त्यांनी जुनंच ठेवलं. माझंही मत तेच होतं. पण ज्यांना पॉलिक्लिनिक फार लांब पडतं, रोजचं औषध नाही आणि जवळच्या दवाखान्यात आयुष्मान चालतं, त्यांचा हिशोब वेगळा निघू शकतो. घरात बसून बोला. शिबिरात रांग असते, आम्हालाही कार्डांचा आकडा द्यायचा असतो (खरं तेच सांगते), तिथं घाईत ठरवू नका.

आता दुसरी गोष्ट. आपल्या गटांत अशा सासवा, आया आहेत की ज्यांना फॅमिली पेन्शन येते, पण ईसीएचएस कार्ड कधी काढलंच नाही. त्यांनी वय वंदना काढण्याआधी नवऱ्याचा पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ, आणि आधार घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. फौजी १ जानेवारी १९९६ च्या आधी रिटायर झाला असेल तर वर्गणीही भरावी लागत नाही. पीपीओवर आपलं नाव बरोबर आहे का तेही बघा. आधारवर 'सुमन' आणि फौजेच्या कागदावर 'सुमनबाई' असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं लागतं.

ज्या फौजीला पेन्शनच नाही आणि ईसीएचएस कार्डही नाही, त्याने सत्तरीनंतर सरळ वय वंदना काढावं. आयुष्मानबद्दल काही विचारायचं असेल तर १४५५५ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. पुढच्या बैठकीला घरातलं जे कार्ड असेल ते घेऊन या, आपण मिळून बघू.