गोबर गॅसच्या जंतूंना जनुकांची कात्री

देवणी जातीच्या गायीचं दूध नि बैलाची ताकद सर्वांना ठाऊक आहे. पण शेणही मोलाचं. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन करणारे जंतू राबतात, तेव्हा शेगडी पेटते. हवा लागली की त्यांचं काम थांबतं, म्हणून प्रयोगशाळेत त्यांना वाढवणं जिकिरीचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असे जंतू जोपासले आहेत.

२०१७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दीप्ती नायक व विल्यम मेटकाफ यांनी ‘क्रिस्पर’ ही जनुकांची कात्री यातल्या एका जंतूवर चालवली. एकेक जनुक बंद करायचं नि जंतूचं काय अडतं ते पाहायचं! थंडीत मंदावणाऱ्या टाक्यांना हे ज्ञान उद्या उपयोगी पडू शकेल. तोवर शेण-पाणी समप्रमाणात कालवा. फिनेलचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.