परवान्याची परीक्षा: कट्ट्यावरची मतं आणि संशोधन

रशिया, जॉर्जिया किंवा फिलिपिन्समधून डॉक्टर होऊन परतलेल्या मुलांच्या घरात ‘एफएमजीई’ या परवान्याच्या परीक्षेचं नाव उठता-बसता ऐकू येतं. इथल्या कॉलेजांत येऊ घातलेल्या ‘नेक्स्ट’ परीक्षेची धास्ती आहे. परवान्याच्या परीक्षा कशा असाव्यात, त्यांच्या गुणांवर कितपत विसंबावं, यावर जगभर बरंच संशोधन झालंय. कट्ट्यावरची मतं मात्र त्याला सोडून चालतात.

गैरसमज १: परीक्षा वेगळी, प्रॅक्टिस वेगळी.

वेगळ्या खऱ्या, पण फारकत झालेल्या नाहीत. कॅनडात रॉबिन टॅम्बलिन आणि सहकाऱ्यांनी ३,४२४ डॉक्टरांचा अनेक वर्षं माग ठेवला. परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाशी बोलण्यात कमी गुण पडलेल्यांविरुद्ध पुढे नियामक मंडळाकडे जास्त तक्रारी आल्या, असं त्यांनी २००७ मध्ये दाखवलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हृदयविकाराच्या सुमारे ६१,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. उपचार करणारे सगळे परदेशी कॉलेजांतून शिकून आलेले. त्यांच्या परवान्याच्या लेखी परीक्षेतला एकेक जादा गुण मृत्यूच्या प्रमाणात ०.२ टक्के सापेक्ष घटीशी जोडलेला आढळला (२०१४). अर्थात हा समूहात दिसणारा संबंध आहे. त्यावरून एखाद्या डॉक्टरची कुंडली मांडता येत नाही.

गैरसमज २: बहुपर्यायी प्रश्न म्हणजे घोकंपट्टी.

प्रश्न कसा काढलाय त्यावर ते ठरतं. ‘ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर उतारा कोणता?’ असं विचारलं तर ‘अ‍ॅट्रोपीन’ हे उत्तर पाठांतरावर सुटतं. आता हा प्रश्न बघा: कपाशीवर फवारणी करून आलेला चाळीस वर्षांचा शेतकरी, घामाने निथळतोय, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपीन सुरू केलंय. कुठवर देत राहायचं? बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, ठरावीक दोन मात्रा होईपर्यंत, की छातीतला स्राव आटून श्वास मोकळा होईपर्यंत? उत्तर तिसरं. बाहुल्यांकडे बघत बसणारा इथे चुकतो, आणि वॉर्डातही चुकेल.

इथे पर्याय तीनच आहेत, तेही पुरतात. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र तपासून हेच म्हटलं. चौथा-पाचवा पर्याय बहुधा भरतीचा असतो. त्याला कुणी हात लावत नाही.

गैरसमज ३: एका लाँग केसवर मुरलेला परीक्षक विद्यार्थी ओळखतो.

हृदयाची झडप अचूक ओळखणारा विद्यार्थी काविळीच्या रुग्णापुढे अडखळू शकतो. आर्थर एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवलं की निदानाचं कौशल्य केसगणिक बदलतं. त्यामुळे लाँग केसप्रमाणे एका रुग्णावर तासभर घालवण्यापेक्षा अनेक रुग्णांवर थोडा थोडा वेळ दिलेला बरा. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा याच तत्त्वावर चालते: प्रत्येक स्टेशनवर नवं काम, बहुधा नवा परीक्षक. एकाची मेहेरबानी किंवा खप्पामर्जी निकाल ठरवत नाही.

पण हे सगळं खर्चिक असतं. अमेरिकेने रुग्णाची भूमिका करणाऱ्यांसोबतची परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद केली. कॅनडाची, म्हणजे टॅम्बलिन यांनी अभ्यासलेली परीक्षाही, त्याच वर्षी गुंडाळली गेली. संवाद मोजणारी परीक्षा उपयोगी ठरूनही टिकली नाही.

गैरसमज ४: पन्नास टक्के म्हणजे पन्नास टक्के.

एफएमजीईत ३०० पैकी १५० हवेत, हे नियमातच आहे. पेपर सोपा निघो वा अवघड, रेषा तीच. त्यामुळे एखाद्या सत्रात निकाल घसरला तर मुलं कच्ची होती की पेपर कठीण होता, हे तेवढ्या आकड्यावरून कळत नाही. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत उलट बाजूने येते. तज्ज्ञ एकेक प्रश्न घेऊन अंदाज बांधतात: जेमतेम लायक अशा शंभर डॉक्टरांपैकी किती जणांना हा सुटेल? त्या अंदाजांवरून रेषा ठरते, म्हणून कठीण पेपरला ती आपोआप खाली येते.

गैरसमज ५: परीक्षा चांगली असली की गुण कुठेही वापरावेत.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. वैध किंवा अवैध ठरतो तो गुणांवरून काढलेला निष्कर्ष. परवान्याच्या परीक्षेचा प्रश्न एकच: याच्या हाती रुग्ण सोपवायला हरकत नाही ना? तिची अचूकता पास-नापासाच्या रेषेपाशी लागते. रेषेच्या बऱ्याच वर असलेल्या दोघांतला चार गुणांचा फरक बहुतेकदा मोजमापातल्या त्रुटीत जातो.

अमेरिकेत यूएसएमएलई या परवान्याच्या परीक्षेतल्या ‘स्टेप १’चे गुण वर्षानुवर्षं पीजीच्या जागांसाठी चाळणी म्हणून वापरले गेले. शेवटी २०२२ पासून तिथे फक्त पास-नापास कळवू लागले. लगेच तो भार ‘स्टेप २’च्या गुणांवर सरकला.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने नेक्स्टवर परवाना आणि पीजी प्रवेश अशी दोन्ही कामं सोपवली आहेत. २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. ती येईल तेव्हा आयोगाकडे दोन वेगळे पुरावे मागायला हवेत: रेषा योग्य जागी आहे याचा एक, आणि रँकमधला फरक खरा आहे याचा दुसरा. पहिला हाती आला म्हणून दुसरा माफ होत नाही.