लॅपटॉपवरून प्रोग्रामर जोखू नका

हिंजवडीतल्या कुठल्याही कॅफेत टेबलावर मॅकबुक दिसलं की तो ‘स्टार्टअपवाला’, काळा थिंकपॅड दिसला की ‘लिनक्सवाला’ आणि कंपनीच्या बॅगेतून जाडजूड लॅपटॉप निघाला की ‘सर्व्हिस कंपनीतला’, असा निकाल लोक दुरूनच लावून मोकळे होतात.

गैरसमज : मॅकबुकवाला म्हणजे मुरलेला प्रोग्रामर.

वस्तुस्थिती : आयफोनचं ॲप बनवायला एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. त्या कामावर कालचा फ्रेशर असला तरी त्याला मॅक द्यावाच लागतो. शिवाय मॅकओएस युनिक्सच्या घराण्यातली, त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर काम करणाऱ्यांना तिचं टर्मिनल सवयीचं वाटतं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच लिनक्सची टूल्स चालवायची सोय आणली आणि हा फरक बराच कमी झाला. रुबाब तेवढा उरला.

गैरसमज : अस्सल लिनक्सवाला ॲपलला शिवत नाही.

वस्तुस्थिती : खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२२ मध्ये लिनक्स कर्नलची ५.१९ ही आवृत्ती ॲपलच्या लॅपटॉपवरून प्रसिद्ध केली. यंत्र ॲपलचं, आत लिनक्स. आता यांना कोणत्या खान्यात टाकायचं?

गैरसमज : लॅपटॉप जुनाट, म्हणजे माणूसही मागे पडलेला.

वस्तुस्थिती : सगळ्यात अन्याय होतो तो इथे. मोठ्या आयटी कंपन्यांत लॅपटॉप सहसा निवडायचा नसतो, मिळेल तो घ्यायचा असतो. उलटा करून पाहा, खाली बारकोडचं ॲसेट स्टिकर असतं. ॲडमिन राइट्स नसतात. साधं एक टूल टाकायचं तरी आयटी सपोर्टकडे तिकीट टाकून वाट पाहायची. कित्येक प्रोजेक्टांत तर कोड त्या लॅपटॉपवर नसतोच. क्लायंटच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर लॉगिन करायचं आणि तिथेच काम करायचं. बँकेची किचकट सिस्टीम सांभाळणारा माणूस असल्याच मशीनवर बसलेला असू शकतो. त्याच्या लॅपटॉपवरून कळते ती कंपनीची खरेदी.

म्हणून लॅपटॉपची छाप पडतच नाही, असं म्हणणंही भाबडेपणाचं. फ्रीलान्सरने क्लायंटसमोर डेमो सुरू केला आणि मध्येच अपडेटसाठी मशीन रीस्टार्ट झालं, तर क्लायंटच्या लक्षात तेवढंच राहतं. फक्त ही छाप ब्रँडची नसते, तयारीची असते.

स्वतःच्या पैशाने घेणार असाल, तर लोगोआधी रॅम बघा. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालवायचे तर १६ जीबी हवीच, आणि मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचं जुनं मॅकबुक मिरवण्यापेक्षा त्याच पैशात १६ जीबीचा साधा लॅपटॉप घ्या.